चोवीस आणि चौतीस

मंगळवार, २६ ऑगस्ट १९९७

वरच्या दोन्ही खोल्या एकाच दिवशी भाड्यानं गेल्या. दोन्ही मुलं ऑस्गुड कॉलेजची, शेवटच्या वर्षाची, आणि दोघंही फुटबॉल संघातली. सामान वर नेऊन झाल्यावर कळलं की दोघं खेळतातही एकाच जागेवर, रनिंग बॅक. चेंडू पोटाशी कवटाळायचा आणि समोरच्या अकरा धटिंगणांच्या भिंतीत डोकं खुपसायचं, असं ते काम. सामना सुरू होताना त्या जागेवर बहुतेक एकच जण उभा राहतो, दुसरा बाकावर बसून वाट बघतो. म्हणजे एका खुर्चीचे दोन उमेदवार मी एका छपराखाली आणून ठेवले. तीस वर्षं पोस्टात काढलेल्या बाईला एवढी अक्कल हवी होती.

त्यात गेली एकोणीस वर्षं संघाच्या आकड्यांची वही माझ्याकडे. कोण किती यार्ड धावला, कोणाला कुठे पाडलं, सगळं मी मैदानावरच्या काचेच्या खोलीतून लिहिते. एकोणीस वर्षांत एकाही आकड्याची दुरुस्ती करावी लागलेली नाही. तेव्हा घरात काय व्हायचं ते होवो, वहीत मी कोणाचीच नाही. हे आजच लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाद नको.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

चोवीस नंबर: टकर नीमन. इथून चाळीस मिनिटांवर त्यांची मक्याची शेती. दारातून आत आला की खोलीत अंधार होतो. डावखुरा आहे, त्यामुळे जेवताना त्याचं कोपर दुसऱ्याच्या बशीत जातं, म्हणून त्याला टेबलाच्या टोकाला बसवलंय. बूट जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर काढतो. का तिसऱ्या, ते विचारलं तर म्हणाला, “बाई, तोवर दमतो हो मी.” पोर्क चॉप पाच खातो.

चौतीस नंबर: एफ्राइन इश्कोय. सहा वर्षांचा असताना बापाबरोबर ग्वाटेमालाहून आला. बाप तीन तासांवरच्या गावी मांसाच्या कारखान्यात आहे. बारीक चणीचा, पण पाय असे की जिना चढताना आवाजच नाही. जेवण झालं की न सांगता बशा धुतो. मला ‘थोरसनबाई’ म्हणतो, नुसतं ‘बाई’ नाही. पोर्क चॉप दोन.

मी फक्त नोंदी करते आहे.

रविवार, ७ सप्टेंबर

काल पहिला सामना जिंकलो. नवे कोच डिकेमा यांनी कपड्यांच्या खोलीच्या दारावर चिठ्ठी लावलीय: वहीत ज्याची दर धावेमागे यार्डांची सरासरी जास्त, तो पुढच्या शनिवारी सुरुवात करणार. गेल्या वर्षी पोरांच्या बापांनी फोन करकरून आधीच्या कोचना पळवून लावलं. यांनी सगळं माझ्या वहीवर ढकललं. हुशार माणूस आहे.

आमच्याकडे नुसतं सुरुवात करणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. सुरुवातीच्या अकरा जणांची नावं कर्ण्यावरून एकेक पुकारतात, आणि तो एकटा दारातून धावत मैदानात येतो. बाकीचे नंतर मेंढरांच्या कळपासारखे येतात. पाच सेकंदांची गोष्ट, पण पोरं त्यासाठी जीव टाकतात.

कोच टकरवर काल दिवसभर ओरडत होते. कडेकडेने धावताना चेंडू कडेच्या हातात धरायचा असतो, म्हणजे समोरच्याला तो हिसकावता येत नाही. एफ्राइन न चुकता हात बदलतो. टकरचा चेंडू सदा डाव्या काखेत, कड उजवीकडे असो की डावीकडे. “सवय आहे, कोच,” म्हणतो. जिन्यावरच्या बुटांनाही हेच उत्तर असतं.

नावं पुकारतो आर्लो स्टेन्सरूड, हार्डवेअरच्या दुकानाचा. काचेच्या खोलीत माझ्या शेजारी बसतो. काल थर्मास माझ्यासमोर ठेवून म्हणाला, “अगं आर्डिस, कॉफी जास्त झाली घरी, घे थोडी.” एकट्या माणसाला अजून कॉफीचं माप जमत नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

एफ्राइन दर रविवारी माझ्या स्वयंपाकघरातल्या फोनवरून बापाशी बोलतो. स्पॅनिशमध्ये, पण आज मध्येच माझं नाव आलं आणि तो हसला, म्हणून विचारलं.

“बाबांना सांगत होतो, थोरसनबाई मका उकडतात तो आपल्यासारखाच लागतो.”

मग म्हणाला, बाबांनी चार वर्षांत त्याचा एकही सामना पाहिलेला नाही. शनिवारी कारखाना चालू असतो. आठ नोव्हेंबरला इथल्या मैदानावरचा शेवटचा सामना. त्या दिवसासाठी बाबा मुकादमाशी बोलतील, थँक्सगिव्हिंगच्या सणाची सुट्टी देऊन तो शनिवार मागतील, पण एकाच अटीवर.

“कसली अट?”

“माझं नाव पुकारणार असतील तर. बाकावर बसलेला मुलगा बघायला सण द्यायचा नाही म्हणतात.” मग घाईने म्हणाला, “गमतीनं म्हणतात हो ते.”

गमतीनं म्हणत असतील तर पोरानं तोंड वळवून आधीच धुतलेली बशी पुन्हा का धुतली, हे मला कळलं नाही.

टकर दारात उभा राहून सफरचंद खात होता. दुसऱ्याचं बोलणं ऐकायची वाईट सवय.

रविवार, १९ ऑक्टोबर

एकही शनिवार एफ्राइनला मिळालेला नाही. दर वेळी टकर सरासरीत केसभर पुढे. आज मी चहाच्या बशीएवढा ॲपल पायचा तुकडा एफ्राइनला दिला आणि टकरला त्याच्या निम्मा. हा पक्षपात नव्हे. एकाला वाढीची गरज आहे, दुसऱ्याला नाही.

तुलना करायचीच तर अशी: टकर धावतो तेव्हा तीन जण आडवे होतात आणि त्याला चार यार्ड मिळतात. एफ्राइन धावतो तेव्हा एकालाही हात लागत नाही, आणि त्यालाही चारच मिळतात. वही दोघांना सारखंच मानते. मला मात्र दुसरं बघायला जास्त आवडतं. हे खासगी मत आहे.

शनिवार, २५ ऑक्टोबर

टकर ११८ वेळा धावला, ५९० यार्ड, सरासरी ५.०. एफ्राइन १०२ वेळा, ५०० यार्ड, ४.९. आता एकच सामना, मग आठ तारीख. एफ्राइन बशा धुताना गाणं म्हणत नाही हल्ली.

शनिवार, १ नोव्हेंबर

अंगावरून अजून चिखल निथळतोयसं वाटतं, आणि मी तर काचेच्या आत होते!

सकाळपासून पाऊस होता. दुसऱ्या सत्रात मैदानाचं डुकरांचं डबकं झालं. बावीस जण एका रंगाचे. पंचांनाही शिट्टीवरूनच ओळखायचं. कॉलेजची व्हिडिओ काढणारी मुलगी म्हणाली, भिंगावर वाफ बसलीय, काही दिसत नाही. कोच एका निर्णयावरून पंचांच्या कानाशी ओरडत होते, मैदानाकडे पाठ करून.

आणि तेव्हाच ते झालं. दोन्ही रनिंग बॅक मैदानात होते. एकाला चेंडू दिल्याचं सोंग, दुसऱ्याला खरा चेंडू. आणि तो जो सुटला! उजव्या कडेने, चिखल उडवत, एकाहत्तर यार्ड, थेट शेवटच्या रेषेपार, टचडाउन. कोणालाही हात लावता आला नाही.

आर्लोनं कर्ण्याचं बटण बंद केलं आणि माझ्याकडे वळला. “कोण गं हा? चोवीस की चौतीस? मला नुसता ‘चार’ दिसतोय.”

मी डोळ्याची पापणीही न हलवता सांगितलं, “चौतीस.”

“नक्की?”

“आर्लो, तीस वर्षांत मी एकही पत्र चुकीच्या पेटीत टाकलेलं नाही.”

त्यानं पुकारलं, “एफ्राइन इश्कोय!” पावसात बसलेले दोनशे लोक उभे राहिले. ती चाल, ते पाय, मी रोज जिन्यात बघते. मला नंबर कशाला लागतो!

नवी सरासरी: एफ्राइन ५.२, टकर ४.७.

रविवार, २ नोव्हेंबर

घरात सुतक. एफ्राइननं काल चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा टकरनं मध्येच काहीतरी मागितलं: मीठ, पाव, लोणी, आणि पुन्हा मीठ. एरवी आपल्या हातानं घेतो, काल मात्र त्याला सगळं एफ्राइनकडूनच हवं होतं. मी म्हटलं, “एफ्राइन, काय धावलास रे!” तर तो लालबुंद झाला. किती हा विनय. टकरनं मात्र मान खाली घालून तीन वेळा वाढून घेतलं. एका शब्दानं अभिनंदन नाही.

आज दुपारी वरून आवाज आले. दार आपटलं. टकर म्हणत होता, “तू गप्प बसायचंस! कळलं? एक शब्द नाही!” एफ्राइन काहीतरी पुटपुटला. मग टकर: “माझं मी बघतो. तू फक्त बापाला फोन कर.”

दुसऱ्याच्या बापालाही धमकावतो! जळफळाट असा असतो. रात्रीच्या जेवणात टकरला पायचा तुकडा दिला नाही. त्यानं विचारलंही नाही, म्हणजे मनाला लागलेलं दिसतंय. लागू दे.

सोमवार, ३ नोव्हेंबर

दारावर यादी लागली. आठ तारखेला सुरुवात करणार: ३४, इश्कोय.

एफ्राइन फोनपाशी बराच वेळ उभा होता. टकर मागे हाताची घडी घालून उभा, जसा काही पहारेकरी. शेवटी फोन लावला. बापाचा आवाज मला शेगडीपाशी ऐकू आला, एवढा तो माणूस ओरडला. मुकादमानं सुट्टी दिली. आन्सेल्मो इश्कोय शनिवारी पहाटे निघणार.

मी एप्रनला डोळे पुसले. कांदा चिरत होते.

बुधवार, ५ नोव्हेंबर

एफ्राइन जेवत नाही. विचारलं तर “पोट,” म्हणतो. छातीला बाम चोळला, आल्याचा काढा दिला. निमूट प्यायला, पण मला बघून डोळे चुकवतो. एवढ्या आनंदाच्या वेळी आजारी पडायचं, हे दुर्दैव. टकर त्याच्या वाटचा पोर्क चॉप खातो आणि सगळ्या बशा धुतो. मला खूश करायला बघतोय, पण मी त्यातली नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आमचं साप्ताहिक गुरुवारी येतं. पहिल्या पानावर फोटो: एकाहत्तर यार्डांची ती धाव, अर्धं पान भरून. खाली मोठ्या अक्षरात एफ्राइनचं नाव. कात्री घेऊन बसले होते, कापून त्याच्या बापासाठी ठेवावं म्हणून.

पाठीवर चिखल, नंबराचा फक्त चार. उजवीकडे मैदानाची पांढरी कड. आणि चेंडू डाव्या काखेत.

कात्री खाली ठेवली. चष्मा पुसला. मग भिंगही आणलं. तरी डाव्याच काखेत.

एफ्राइननं चार वर्षांत उजव्या कडेने डाव्या हातात चेंडू नेलेला नाही. आणि दुसरा कधी हात बदलतच नाही.

म्हणजे मी चुकले. आणि नुसती चुकले नाही, मला जे बघायचं होतं ते मी पाहिलं. रोज सकाळी या रोजनिशीत ‘मी कोणाची नाही’ असं लिहायला हवं होतं, एकदा लिहून भागलं नाही.

आणि त्या दोघांना माहीत आहे. ज्यानं चेंडू नेला त्याला माहीत आहे, ज्यानं नेला नाही त्यालाही माहीत आहे. ज्यानं चेंडू हातात दिला त्यालाही. म्हणजे सगळ्या संघाला! फक्त मला, आर्लोला आणि कोचना माहीत नाही.

खरं लिहायचं तर असं: पहिल्यांदा मनात आलं की गप्प बसावं. कोणाला कळणार? पोराचा बाप सण देऊन येतोय. मग स्वतःलाच विचारलं, आर्डिस, हे त्याच्या बापासाठी आहे की तुझ्या एकोणीस वर्षांसाठी? उत्तर लगेच देता आलं नाही. तेच उत्तर.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

न्याहारीला फोटो टेबलाच्या मध्यावर ठेवला. दोघंही अंड्यांकडे बघत राहिले.

“टकर,” मी म्हटलं, “हा तू आहेस.”

“चिखलात काय कळतं, बाई.”

“काख कळते.”

एफ्राइननं एवढा मोठा श्वास सोडला की मेणबत्ती असती तर विझली असती. “थोरसनबाई, मी रविवारीच सांगणार होतो. यानं दार अडवलं. अक्षरशः दारात बसला, एवढा!” त्यानं हात पसरून दाखवले. “खाली येऊच देईना.”

“आणि तू का गप्प बसलास?” मी टकरला विचारलं. “तुझी धाव होती ती. आयुष्यातली सगळ्यात लांब.”

टकरनं अंडं सुरीनं उगाच चार वेळा कापलं. “माझे आईबाप दर शनिवारी येतात, बाई. बाबा तर सरावालाही येतात. येऊ नका म्हटलं तरी येतात. माझं नाव त्यांनी आठ वेळा ऐकलंय. याच्या बाबांना एकदा ऐकू द्या की. काय झिजतंय?”

रविवारी या मुलाला मी पायचा तुकडा दिला नव्हता.

पण आकडा चुकीचा होता. माझ्या हातचा होता. मी तसं सांगितलं. एफ्राइन लगेच म्हणाला, “बरोबर आहे, तुम्ही सांगा. मला झोप नाही पाच दिवस.” टकर मात्र खुर्ची मागे सारून उठला.

“वहीपुढे माणूस कोणी नाही का तुम्हाला?”

असं म्हणून जिना दणाणत वर गेला. बूट कुठल्याच पायरीवर काढले नाहीत.

मी कोच डिकेमांकडे गेले. फोटो ठेवला, वही ठेवली, माझी चूक माझ्या तोंडानं सांगितली. एकोणीस वर्षांतली पहिली दुरुस्ती लाल शाईनं केली: टकर ५.२, एफ्राइन ४.६. कोचनी दोन्ही आकडे बोट ठेवून ताडून पाहिले. मग म्हणाले, “थोरसनबाई, दारावरची चिठ्ठी मीच लावलीय. आता एकाच्या बापासाठी ती काढली, तर दुसऱ्या वीस बापांना काय सांगू?” आणि नाव बदललं.

एफ्राइननं बापाला फोन लावला. कोणी उचलला नाही. कारखान्यातली पाळी चालू असणार. पुन्हा लावला, पुन्हा नाही. म्हणजे तो माणूस उद्या नाव ऐकायलाच येणार.

मी बरोबर केलं. तरी पायचं पीठ मळताना ते हातातून तीनदा निसटलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

ऊन. एवढं लख्ख की अर्ध्या मैलावरून नंबर वाचावा.

आन्सेल्मो इश्कोय आले. लहानखुरा माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात मक्याच्या पिठाच्या तमाल्यांचं पातेलं फडक्यात बांधलेलं. मला वाकून नमस्कार केला. इंग्रजी मोडकंतोडकं. “सेन्योरा, मुलगा म्हणतो तुम्ही सगळं लिहिता.” मी म्हटलं, हो. आणखी काय म्हणणार! त्यांना सांगायची हिंमत एफ्राइनलाही झाली नाही, मलाही नाही. टकरच्या आईबापांनी त्यांना आपल्या घोंगडीत ओढून घेतलं, हातात गरम घेवड्याचा वाडगा दिला.

मी काचेच्या खोलीत गेले. आर्लोनं कार्ड पाहिलं, मला पाहिलं आणि थर्मास पुढे सरकवला.

नावं सुरू झाली. दहा जण धावत आले. मग आर्लो: “रनिंग बॅक, नंबर चोवीस, टकर नीमन!”

दारातून कोणी आलं नाही.

टाळ्या सुरू होऊन थांबल्या. आर्लोनं पुन्हा पुकारलं. दार रिकामंच. मैदानात दहा जण एकमेकांकडे न बघता आकाशाकडे बघत होते, सगळ्यांना एकाच वेळी पक्ष्यांची आवड लागली होती. मी दुर्बीण लावली. दाराच्या आत टकर एका गुडघ्यावर बसला होता, हेल्मेट मांडीवर, आणि त्याच्याशी झटत होता. कोच त्याच्या डोक्यावर उभे राहून हातवारे करत होते. टकरनं हात पसरले: हनुवटीचा पट्टा तुटलाय, काय करू? पट्ट्याशिवाय पंच कोणाला मैदानात उभं राहू देत नाहीत. हा नियम आहे.

पंचांनी शिट्टी वाजवली. दहाच जण. दंड होणार. कोचनी आजूबाजूला पाहिलं, आणि त्यांना समोर एकच तयार रनिंग बॅक दिसला. हेल्मेट घातलेला, पट्टा घट्ट. त्याचे खांदे धरून त्यांनी त्याला दाराबाहेर ढकललं.

“आता मी काय बोलू, आर्डिस?” आर्लोनं विचारलं. “कार्डावर चोवीस आहे.”

“समोर जो येतोय तो बोल.”

आर्लोनं कर्णा तोंडाशी घेतला. मी त्याला कधी एवढ्या मोठ्यानं ओरडताना ऐकलं नव्हतं. “नंबर चौतीस! एफ्राइन! इश्कोय!” आडनावाचा उच्चारही त्यानं घरी घोकून आल्यासारखा बरोबर केला.

पोरगा एकटा धावत आला. स्टँडमध्ये घोंगडी बाजूला पडली आणि लहानखुरा माणूस बाकावर चढला.

वहीत ‘सुरुवात’ या रकान्यात कोणाचं नाव लिहायचं, याचा नियम स्पष्ट आहे: पहिली चाल सुरू होताना जो मैदानात असेल, त्याचं. मी लिहिलं, ३४. अक्षर स्वच्छ आहे.

पहिल्याच चालीत चेंडू त्याच्याकडे दिला. चौघांनी मिळून त्याला उचललं आणि मागे नेऊन आदळलं. दोन यार्ड तोटा. तेही लिहिलं. उणे दोन.

स्टँडमध्ये आन्सेल्मो इश्कोय टोपी काढून नाचत होते.

दुसऱ्या चालीला टकरचा पट्टा चमत्कारानं बरा झाला. तो आत आला आणि दिवसभरात ९६ यार्ड धावला. सामना आम्ही तेरा-दहा हरलो. तेही लिहून ठेवायला हवं.

संध्याकाळी सगळे माझ्याकडे जेवायला. नीमन मंडळी, इश्कोय, आणि आर्लो, त्याच्या घरी म्हणे चूल बिघडलीय. तमाले संपले, ॲपल पाय संपला. टकरला मी पहिला तुकडा दिला, बशीत मावेना एवढा. त्यानं माझ्याकडे संशयानं पाहिलं आणि खाल्ला.

आन्सेल्मो म्हणाले, वही दाखवाल का? दाखवली. त्यांनी बोट ठेवून मुलाचं नाव वाचलं, मग पुढचा आकडा. “दोन,” म्हणाले, “आणि आधी ही आडवी रेघ कसली?”

एफ्राइननं मान खाली घालून सांगितलं, “मागे गेलो, बाबा. उलटा.”

“का?”

“ढकललं ना त्यांनी.”

“किती जणांनी?”

“चौघांनी.”

“चौघांनी!” ते माझ्याकडे वळले, डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. “सेन्योरा, चौघं लागले. एकट्याला जमलं नाही!”

मी म्हटलं, “नाही जमलं.” एकोणीस वर्षांत त्या आकड्यांकडे कोणी असं पाहिलं नव्हतं. मला भरून आलं, आणि या वेळी घरात कांदा नव्हता.

सोमवार, १० नोव्हेंबर

धुणं. टकरच्या जीन्सच्या खिशातून नेहमी खिळे, मक्याचे दाणे, च्युइंगगम निघतं. आज हनुवटीचा पट्टा निघाला. खिडकीपाशी नेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला. कुठेही चीर नाही, शिवण शाबूत, बटणं घट्ट. नव्यासारखा.

तो ओल्या हातात धरूनच उभी होते, तेवढ्यात फोन वाजला. कोच डिकेमा.

“थोरसनबाई, मला त्या पट्ट्याचं काही पटत नाही. शनिवारी त्यानं दुसरा लावला. जुना कुठे गेला विचारलं, तर म्हणतो घरी विसरला. मुद्दाम केलं असेल तर पुढच्या शनिवारी मी त्याला बसमध्ये चढू देणार नाही.”

पुढचा शनिवार म्हणजे डेकर कॉलेजच्या मैदानावरचा, मोसमातला शेवटचा सामना. त्यानंतर टकर शेतावर जाणार. तो आयुष्यात पुन्हा फुटबॉल खेळणार नाही.

“तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे,” कोच म्हणाले. “शुक्रवारी स्वतःची चूक सांगायला तुम्ही आपणहून आलात. तुम्ही जे सांगाल ते मी मानेन. तुमच्या घरात आहे का तो पट्टा? तुटलाय की नाही?”

मी खोटं बोलत नाही. पोस्टात बोलले नाही, वहीत लिहिलं नाही, आणि या वयात शिकायची इच्छाही नाही.

“जरा थांबा, कोच,” मी म्हटलं. “बघून सांगते.”

फोन मानेत धरला आणि दोर पुरेल तिथवर ओढत ओट्याशी गेले. खणातून कोंबडी कापायची मोठी कात्री काढली. पट्टा भलताच चिवट. एका हातानं होईना. कात्री ओट्यावर टेकवून दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून दाबली, तेव्हा कुठे कट्ट झालं.

“काय झालं? कसला आवाज?” कोचनी विचारलं.

“स्वयंपाकघर आहे,” मी म्हटलं. “पट्टा माझ्यासमोरच आहे, कोच. तुटलाय. दोन तुकडे आहेत. मोजले.”